शनचा अभंग

सरूबाईला वैजापूरला परत जायचं नव्हतं. नवरा गेल्यापासून सासरी ती दिराच्या संसारात पहाटेपासून राबायची, आणि जेवायला बसली की तिच्या ताटाकडं बघणारी माणसं होती. दिवाळीला म्हणून औरंगाबादला भावाकडं आली, ती राहिली. दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला बाया घेत होते. निवड झाली तर राहणं-खाणं तिथंच. वयाची अट होती, आणि तिच्यासाठी हे शेवटचंच वर्ष होतं. शाळा सातवीपर्यंत झालेली. धास्ती होती ती इंग्रजीची, कारण तोंडी परीक्षेत डॉक्टरीणबाई इंग्रजी शब्द विचारतात असं ऐकलं होतं.

"इंग्रजीचं माझ्यावर सोड," बद्रीनाथ म्हणाला.

भाऊ कचेरीत कारकून, आणि एकादशीला राममंदिरात कीर्तनाला उभा राहणारा. निजामाच्या वेळी उर्दूच्या जोरावर चिकटला होता. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, उर्दूचे कागद कपाटात गेले आणि टेबलावर इंग्रजी आली. बद्रीनाथ घाबरला खरा, पण पाठांतर हे कीर्तनकाराचं बळ. कागद चाळता चाळता त्याला दिसलं, की या लांबलचक शब्दांपैकी कितीकांना एकच शेपूट आहे. टी, आय, ओ, एन, म्हणजे 'शन'. ॲप्लिकेशन, ॲडमिनिस्ट्रेशन, रिहॅबिलिटेशन. शेपूट हाती आलं की अर्धा शब्द फुकटात! त्यानं ते सगळे चालीत बसवले, टाळावर घोकले, आणि नोकरी टिकवली.

आता बहिणीसाठी त्यानं दवाखान्याचे शब्द गोळा केले आणि नवा अभंग बांधला.

"एज्युकेशन, सॅनिटेशन, प्रिव्हेन्शन ऑफ इन्फेक्शन," तो चिपळ्या वाजवत सांगायचा आणि सरू मागून उचलायची. पुढं व्हॅक्सिनेशन, ऑपरेशन, रजिस्ट्रेशन, डिसइन्फेक्शन अशी कडव्यामागून कडवी. शेवटी संतांच्या रीतीनं त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं: "बद्री म्हणे ऐका जन, मुखी धरा नारायण."

"दादा, अर्थ तरी सांग की," सरू म्हणायची.

"आधी पाठ होऊ दे. निरूपण मागून."

त्याची बायको मनकर्णाबाई चुलीपुढून बोलायची, "नणंदबाई, भाकर करपली तर त्याला काय म्हणायचं हो? करपेशन?"

सरू हसायची. त्या एका खोलीत, चार लेकरांच्या गलक्यात, ती कितीतरी दिवसांनी हसत होती. आवाज मूळचाच गोड. लहानपणी वडलांच्या कीर्तनात दोघं भावंडं मागं उभी राहायची, आणि वडलांचा दंडक कडक होता: अभंग एकदा उचलला की शेवटच्या चरणात संताचं नाव येईपर्यंत खाली ठेवायचा नाही. कुणी हाक मारो, दिवा विझो. नाव न घेता सोडला तर ज्याचा अभंग त्याचा अपमान. हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की दळताना जरी सुरू केला तरी दाणे संपले म्हणून ती थांबत नसे, रिकामं जातं फिरवत शेवटापर्यंत जायची.

परीक्षेच्या दिवशी बद्रीनाथ रजा काढून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाई वयस्क, बोलायला मायाळू. नाव-गाव झालं, मराठी वाचून झालं. मग त्यांनी विचारलं, "व्हॅक्सिनेशन म्हणजे काय, बाई?"

बद्रीनाथ मनात म्हणाला, पांडुरंगा, आलाच शब्द!

आतून सरूचा आवाज आला. पहिल्यापासून. एज्युकेशन, सॅनिटेशन.

"छान," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण मी एकच शब्द विचारला."

सरू दुसऱ्या कडव्यावर गेली होती. डोळे मिटलेले, हात आपसूक जुळलेले. व्हॅक्सिनेशन आलं आणि पुढं निघून गेलं.

"अहो बाई, पुरे. थांबा."

दारापाशी शिपाई तोंड दाबून हसत होता. बद्रीनाथ अर्धा उठला. आत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण पाय हलला नाही. खरं सांगायचं तर त्याचेही ओठ तिच्याबरोबर हलत होते, आणि आपलं नाव आता येईल याची तो वाट बघत होता.

"थांबा म्हणते ना मी!"

"बद्री म्हणे ऐका जन, मुखी धरा नारायण," सरूनं नमस्कार करून संपवलं आणि डोळे उघडले.

संध्याकाळी नावं लागली. तिचं नव्हतं. बद्रीनाथ हात जोडून आत गेला. डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या.

"पाठांतर चांगलं आहे हो तिचं. माणूसही गुणी दिसतं. पण मी दोनदा थांबा म्हटलं. उद्या कुणाच्या दंडात सुई असताना मी थांबा म्हणेन, तेव्हा काय करू?"



 परतताना सरू म्हणाली, "व्हॅक्सिनेशन म्हंजी देवी काढणं, लस टोचणं. शेजारच्या नर्सबाईला इचारून ठिवलं होतं मी."

"मग सांगायचं नाय का, बाई माझे!"

"सांगणारच व्हते. पण तोंडातून अभंग निघाला. निघाल्यावर कसा टाकू? तुझं नाव यायचं राहिलं व्हतं, दादा."

बद्रीनाथ रस्त्याकडं बघत चालत राहिला. शब्द नुसते शिकवता आले असते. चाल लावली तीही चालली असती. पण संतांच्या ओळीत आपलं नाव बसवायची हौस कुणाची होती?

दोन दिवसांत दीर कारभारी न्यायला आला. चहा पिता पिता म्हणाला, "काय महाराज, आमच्या वैनीनं दवाखान्यात इंग्रजी कीर्तन केलं म्हणं! आरती कुणी फिरवली?"

कुणी हसलं नाही. सरू लुगड्याची घडी पिशवीत घालत होती. तिनं घाई केली नाही. एक घडी मोडून पुन्हा घातली, आणि मध्येच एकदा भावाकडं बघितलं.

ती कशाची वाट बघत होती ते बद्रीनाथला कळत होतं. राहा म्हणायचं होतं. नर्स न होता राहा, अशीच राहा. त्यानं बायकोकडं पाहिलं. मनकर्णाबाई पदराशी चाळा करत भिंतीला लागून झोपलेल्या लेकरांकडं बघत होती.

"एक दिवस थांबला असता, कारभारी," तो एवढंच म्हणाला.

"शेतात कपाशी उभी हाय, महाराज. येचायला माणूस नाय."

मोटार स्टँडवर सरू त्याच्या पाया पडली. त्यानं तिला अडवलं आणि तिचे हात धरले. गाडी लागली. ती खिडकीशी बसली. काहीतरी बोलायचं म्हणून बद्रीनाथ म्हणाला, "पत्र टाक."

"टाकीन," ती म्हणाली.

घरी आला तेव्हा तिच्या कोपऱ्यात मनकर्णाबाईनं थोरल्या दोघांचं अंथरूण घातलं होतं.

"पाय लांब करून झोपतील आता लेकरं," ती हलक्या आवाजात म्हणाली. तिचेही डोळे सुजले होते.

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला, आणि उंबऱ्याशीच बसून राहिला.