पाण्याआधी कुसळं

काडी फिरली आणि सभागृहात एकच कल्लोळ उडाला.

"फिरली! फिरली!" मागचे लोक बाकांवर चढले. टेबलावर मेणाच्या गोळीत रोवलेली बोटभर काळपट काडी. मंतरलेल्या पाण्याचे दोन थेंब पडताच तिचं वाकडं टोक गोल गोल फिरू लागलं होतं. ना वारा, ना कुणाचा हात.

"चैतन्यकाडी आहे ही!" काडीबाबांनी डोळे मिटले. "ढगांच्या वर, जिथे पाखरूही फिरकत नाही, तिथे बारा वर्षांतून एकदा उगवते. रोग पिळून काढते. मात्र डॉक्टरची गोळी पोटात गेली, की रुसते हं!"

लोकर निवडणारी एक बाई गोदामातून तशीच आली होती. लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. चार वर्षांची चिमणी, दिवसभर गोदामात अनवाणी खेळणारी. टाच सुजून टरटरलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. पाच दिवस बाबांचाच उपाय चालू होता. मंतरलेल्या पाण्याची पट्टी टाचेला बांधायची, वाळली की पुन्हा भिजवायची. सूज आता घोट्याच्या वर सरकली होती.

"जरा एका जागी उभी राहा गं," सासूबाई कुजबुजल्या. "तुझ्या चुळबुळीनंच गुण येत नाही."

"आई," चिमणी कण्हली, "पट्टी ओली केली की आत कुणीतरी फिरतं."

आईनं चमकून टेबलावरच्या काडीकडे पाहिलं. ओलं झालं की फिरतं?

गोदामात मुकादमीणबाई दिवसातून दहादा ओरडायची, "पाण्याआधी कुसळं!" मेंढ्या डोंगरावर चरायच्या, तिथल्या कुसळी गवताची कुसळं लोकरीत अडकून यायची. लोकर धुण्याआधी ती वेचायची. भिजली तर आत शिरतात, मग निघता निघत नाहीत. आठ वर्षं तिनं पोती भरभरून कुसळं वेचली. सगळी कोरडी. भिजलेलं कुसळ करतं तरी काय, हे पाहायची वेळच कधी आली नव्हती.

तिनं बाहीला चिकटलेलं एक कुसळ उपटलं आणि गर्दीतून वाट काढली.

"अगं, निघालीस कुठे?"

टेबलावरच्या मेणात तिनं ते रोवलं. चिमणीच्या बाटलीतलं साधं पाणी शिंपडलं. क्षणभर काहीच नाही. मग कुसळ डुललं, वळलं, गरगर फिरू लागलं.

"माझ्या सान्निध्याचा प्रताप!" बाबा गरजले.

"मग याला थांबायला सांगा," ती म्हणाली. तिनं बाटली पुन्हा उचलली. "पाणी मी घालते. तुम्ही फक्त म्हणा, फिरू नकोस."

बाबांनी हात उगारला, मंत्र पुटपुटले. कुसळ फिरतच राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, काडी रुसली वाटतं!" आणि सगळं सभागृह हसलं.

ती हसायला थांबली नाही. चिमणीला उराशी घेऊन तडक दवाखान्यात पळाली. मागे सासूबाई धापा टाकत.

डॉक्टरीणबाईंनी टाच बधिर करून चिरली. चिमट्यात नखाएवढं टोकदार बी आलं, शेपटाला मोडकं कुसळ.

"हे काही जादूचं नाही," त्या म्हणाल्या. "कुसळाला दोरीसारखा पीळ असतो. भिजला की सुटतो, वाळला की बसतो. डोंगरमाथ्यावर खडकावर वीतभर माती, वर सोसाट्याचा वारा. तिथे बी पेरणार कोण? मग गवत स्वतःच पेरतं. दवानं भिजायचं, उन्हानं वाळायचं, गिरमिटासारखं भेगेत शिरायचं. बियाला उलटे केस असतात, त्यामुळे मागे येत नाही."

"म्हणजे ती पट्टी..." सासूबाईंनी सोडलेली पट्टी उचलून पाहिली.

"दर ओल्या-कोरड्यानं तुम्ही ते आतच ढकलत होतात."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सासूबाई ओट्यावर पाण्याची वाटी आणि मूठभर कुसळं घेऊन बसल्या. काडीबाबाकडे निघालेल्या प्रत्येकीला त्या हाक मारत. "ये गं, तूच भिजव. बघ, फिरलं ना? आता सांग, यात बाबा कुठे आहे?"

आपणही एवढंच करावं. चमत्कारापुढे हात जोडण्याआधी तो एकदा आपल्या हातानं भिजवून बघावा. आणि लेकरू काही सांगत असेल, तर आधी ते ऐकावं.