ट्रेलरने ऐकलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. पण खरं सांगू का, जुना मी गेल्या तीन महिन्यांत झालो. त्याआधीची नऊ वर्षं मला कोणीच जुना म्हटलं नव्हतं.

मला दोन चाकं आहेत, पत्र्याचं पोट आहे आणि पोटात तंबूची घडी आहे. इंजिन नाही. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या मोटारसायकलला मला मागून जोडतात आणि ती जाईल तिकडे मी जातो. आत्ता मी नारायण पेठेतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा आहे, त्याच मोटारसायकलला अजून जोडलेला. काय झालं ते मला कळतं, पण पटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म धायरीला, कोंडीरामच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. गाव शहरात आलं तेव्हा शेताचा जो तुकडा उरला, त्यावर त्याने ही शेड टाकली होती. माझे मालक रंगराव तिथे वहीत माझं चित्र काढून घेऊन आले. कारखान्यात तेहतीस वर्षं अवजारं घडवून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

"साहेब, फटफटीच्या मागं घर कुठं बांधत्यात व्हय?" कोंडीराम म्हणाला.

"घर नाही रे, घराचा डबा. तू फक्त सरळ कापायचं बघ."

पहिल्याच फेरीत आमची फजिती झाली. वळणावर मोटारसायकल कलते. माझा जोड घट्ट होता, त्यामुळे तिच्याबरोबर मीही कललो आणि माझं एक चाक हवेत गेलं. रंगराव उतरले, मला खालून वरून पाहिलं आणि म्हणाले, "छान. एका चाकावर चालणारा मी मागितला नव्हता, पण झालाय तर बरा झालाय." कोंडीराम कानापर्यंत लाल झाला. त्याने तो जोड कापला आणि गोल फिरणारा नवा जोड बसवला. तेव्हापासून मोटारसायकल हवी तितकी कलो, मी आपला सरळ.

रंगराव आणि त्यांची मुलगी तनुजा, घरात दोघंच. तनुजा शाळेत भूगोल शिकवते. मी घरात आल्यावर ती नकाशातल्या जागा पाहायला निघाली. भोर, वेल्हे, कास, एकदा थेट दापोली. जड सामान चाकांच्या पुढे भरायचं, नाहीतर मागचं टोक रस्ताभर डुलतं, हे तिला रंगरावांनी शिकवलं. पुढे तीही मोटारसायकल चालवू लागली आणि ते मागे बसून सूचना देऊ लागले. त्या सूचना मला वाऱ्यातही ऐकू यायच्या.

लोक माझं कौतुक करायचे. स्वारगेटला एकदा वाहतूक पोलिसाने थांबवलं. "काका, रुखवत घेऊन सासरी निघालात का?"

"नाही, माहेरी. सासरी जायला ट्रक लागतो," रंगराव म्हणाले. कागदपत्रं पाहून झाल्यावरही तो पोलीस हसत होता.

आता त्या घराची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. त्या घरात सरळ कोणी बोलत नसे. तनुजा खरोखर हवी असली की रंगराव ओरडायचे, "ए तने, ये की!" आणि ते जर म्हणाले, "तनुजाबाई, आपण जरा येता का?" तर समजावं, तिला वीस मिनिटं उशीर झाला आहे. शब्द जितका मऊ, तितका टोमणा धारदार. ती उत्तर द्यायची, "आले महाराज, पालखी पाठवा." मग दोघंही खूश. नऊ वर्षांत ही रीत मीसुद्धा शिकलो होतो.

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे साडेसात. पानशेतला जायचं होतं. रंगरावांनी मला जोडलं. जोड निसटला तर मी वाऱ्यावर जाऊ नये म्हणून मला दोन साखळ्या आहेत. त्यांनी पहिली अडकवली, दुसरी हातात घेतली. मग ते थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "तनुजा, जरा येतेस का?"

तनुजा जिन्यात होती. पहिल्या मजल्यावरच्या मथुराबाईंना दुधाची पिशवी द्यायला निघाली होती. ती वळली नाही. हसत म्हणाली, "आलेच हं महाराज. तोवर आपण बसून घ्यावं!"

आणि ती वर गेली.

रंगराव बसले. त्यांची पाठ माझ्या चाकाला टेकली. बुटाची नाडी बांधताना ते नेहमी असेच टेकायचे, म्हणून मला काही वाटलं नाही. मग तो भार बदलला. मित्रांनो, माझा जन्म ओझी वाहण्यात गेला. माणूस टेकलेला आणि वस्तू टेकलेली, यांतला फरक मला कळतो. तो मला कळला, आणि मी काहीच करू शकलो नाही. मला आवाज नाही. मला साधा भोंगासुद्धा नाही.

तनुजा खाली आली. "काय, रुसलात?" ती म्हणाली. मग "बाबा?" म्हणाली. मग पुन्हा "बाबा" म्हणाली, ते कसं म्हणाली हे मी सांगणार नाही.

माणसं धावली, रुग्णवाहिका आली. हृदय बंद पडलं होतं. त्यानंतर कोणीतरी मोटारसायकलवर आणि माझ्यावर ताडपत्री टाकली. तिच्याखाली रोज तोच रविवार असतो.

गेल्या आठवड्यात ताडपत्रीवर सोसायटीची चिठ्ठी लागली: 'सदर वस्तू वाहन असल्यास हलवावी. नसल्यास भंगारात द्यावी.' मला घेऊन जा, असा तनुजाने कोंडीरामला फोन केला. तो आला, त्याने ताडपत्री काढली आणि तसाच उभा राहिला.

"ताई, ही दुसरी साखळी कुणी सोडली?"

"कोणी नाही. तेव्हापासून तशीच आहे." मग तिने आजवर कोणाला न सांगितलेलं त्याला सांगितलं. "त्यांनी मला हाक मारली होती, कोंडीराम. इतकं सभ्य बोलले, मला वाटलं टोमणा आहे. मी म्हटलं, बसून घ्या. आणि वर गेले."

कोंडीराम खाली बसला. लोंबणारी कडी त्याने हातात घेतली. "ताई, साहेबांनी दुसरी साखळी लावल्याबिगर कधी मान वर केली न्हाई. ताप असू दे, पाऊस असू दे. पाच मिनटं असती तर आधी ही लावली असती. त्यांना येळच मिळाला न्हाई. तुम्ही पळत आला असता, तरी वाचले नसते."

"हो. डॉक्टरही तेच म्हणाले," तनुजा म्हणाली. "पण मी त्यांच्याजवळ तरी असते."

कोंडीरामचं म्हणणं खरं होतं. ती हाक आणि तो भार यांत चार श्वास होते, ते मी मोजले आहेत. पण तिचंही खरं होतं. चार श्वास म्हणजे हात हातात घेण्याइतका वेळ.

कोंडीराम मला न नेताच परत गेला. तनुजाने पर्समधून पेन काढलं आणि त्या चिठ्ठीखाली लिहिलं: 'सदर वस्तू घरातली आहे. राहील.'

तर मित्रांनो, चाकांत हवा ठेवा, जोडाला ग्रीस द्या, गाडीची निगा राखा, हे मी सांगायलाच हवं. पण माझं एवढं एक ऐका. घरातल्या कोणी हाक मारली, तर ती खरी की थट्टेची, हे जिन्यातून ठरवू नका. खाली या. थट्टाच निघाली, तर चार पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील, इतकंच.