माझा पाऊण तास

मी राउटर बोलतोय. दुकानातून खोक्यात घालून आणलेला नव्हे, घरीच जुळवलेला. बोलायला तसा उशीरच झालाय.

एका छोट्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या भावाने मला बनवलं. अडगळीतला संगणक घेतला, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि नेटवर्कची दोन कार्डं बसवली. त्यातलं एक भंगारातून उचललेलं. "ताई, विकतचा कशाला? हा घोड्यासारखा पळेल बघ!" ताईंनी विश्वास ठेवला. पाठचा भाऊच तो.

निरोप, फोन, तपासण्यांचे कागद मी बिनतक्रार वाहायचो. पण स्कॅनचे जड फोटो शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे निघाले, की ते भंगारातलं कार्ड मान टाकायचं आणि पाठोपाठ मीही. मग कुणीतरी बटण दाबून मला उठवायचं.

भावाने धूळ फुंकली, वायरी बदलल्या, लिनक्स पुन्हा घातलं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! शिवाय तपासताना तो मला हलकंच काम द्यायचा, आणि हलक्या कामात मी ठणठणीत असायचो.

दर वेळी पडताना मी लिहीत होतो, 'दुसरं कार्ड उत्तर देत नाही.' पण जुनी डिस्क झिजू नये म्हणून त्याने माझ्या नोंदी मेमरीतच ठेवल्या होत्या. बटण दाबलं की मेमरी कोरी. माझं शेवटचं बोलणं कुणी वाचलंच नाही. याचा मला फार राग यायचा.

एका दुपारी परांचीवरून पडलेला एक गवंडी आला. चांगला बोलत होता. बायको माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसली. स्कॅन निघाला, अर्धा गेला आणि मी कोसळलो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा कोसळलो. तिसऱ्यांदा पोचला तेव्हा पाऊण तास उलटला होता. तिकडून फोन आला, "डोक्यात रक्त साकळतंय, आत्ताच्या आत्ता पाठवा." गाडीत चढवतानाच तो गेला.

त्याच संध्याकाळी भावाने मला पडदा जोडला, मुद्दाम जड काम दिलं, आणि पडद्यावर थिजलेले माझे शब्द वाचले. मग त्याने ते भंगारातलं कार्ड उपसून काढलं.

काही दिवसांनी गवंड्याची बायको कागद न्यायला आली. "डॉक्टरीणबाई, फोटो वेळेवर गेला होता ना?"

ताईंनी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "हो वहिनी. लगेच गेला."

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "काही झालं नाही म्हणत होते, म्हणून मी आधी घरी नेऊन झोपवलं. अर्धा तास मीच घालवला हो."

ताईंनी कागद तिच्या हातात ठेवले आणि ती गेली.

आता मी माळ्यावर आहे. त्या दुपारची नोंद माझ्याकडे नाही, ती केव्हाच पुसली गेली. म्हणून हे तुम्हाला सांगतोय. ती बाई कुठे भेटली तर तिला सांगा, अर्धा तास तिचा असेल, पण पाऊण तास माझा होता.