इमारत जागेवरच आहे

मंगळवारी सकाळी पुठ्ठेमामांनी चार मजली वाचनालय फिरवलं. अख्खं. पायासकट.

म्हणजे कॉम्प्युटरवर हो! पण इमारतींचे नकाशे करणाऱ्या त्या ऑफिसात कॉम्प्युटरवरची इमारत हीच खरी इमारत. सगळ्यांचं काम एकाच मॉडेलवर चालायचं. नळांचं आणि विजेचं रेखाटन वेगळं जोडलेलं होतं, ते बिचारं जागच्या जागी राहिलं आणि भिंती निघाल्या फिरायला. पाइप हवेत लोंबकळू लागले, बेसिनं रस्त्यावर आली. जो तो आपल्या परीने दुरुस्ती करायला धावला आणि घोळात घोळ वाढत गेला. दुपारी चष्मिस इंजिनिअरने मूळ शोधलं, कपाळावर हात मारला आणि आदल्या दिवशीची प्रत परत आणून ठेवली. सगळ्यांचं सकाळपासूनचं काम पाण्यात गेलं.

आता मामांची बाजूही ऐका. या माणसाने जन्मभर पुठ्ठ्याच्या इमारती केल्या. या ऑफिसातून जे काही उभं राहिलं, ते आधी मामांच्या टेबलावर पुठ्ठ्यात उभं राहिलं, म्हणून तर ते पुठ्ठेमामा. टेबलावर एक लाकडी फिरता पाट, पाटावर इमारत. मागची बाजू बघायची? फिरवा पाट. इतकी वर्षं जे केलं तेच हात करणार ना? स्क्रीनवर मागची बाजू दिसेना, तेव्हा त्यांनी फिरवण्याची खूण हुडकली, सगळं निवडलं आणि दिलं फिरवून. वर शहाण्यासारखं सेव्हही केलं.

धाकट्या बाईंनी त्यांना आत बोलावलं. धाकट्या बाई म्हणजे आताच्या मालकीणबाई. त्यांचे वडील मालक होते तेव्हा ही चिमुरडी शाळा सुटली की ऑफिसात यायची, आणि "घट्ट धरून बस गं" म्हणत मामा तिला त्याच पाटावर गरगर फिरवायचे. त्यामुळे आज बोलताना बाईंची नजर काही वर होत नव्हती.

"मामा, पुठ्ठ्याचं काम आता कुणी मागत नाही. तुम्हाला कॉम्प्युटर दिला, पण हे असं झालं. तुम्ही आराम करा ना आता. छान निरोप देऊ आपण."

"निरोप?" मामांचा आवाज चढला. "मी काय पाहुणा आलोय का इथे?"

"तसं नाही हो मामा."

"शुक्रवारी वाचनालयाची मंडळी इमारत बघायला येतायत. ती मी दाखवतो. नाही जमलं तर माझी खुर्ची मीच उचलून बाहेर ठेवेन. तुमचं निरोपाचं भाषणही वाचेल."

बाईंनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "मध्येच अडकलात तर माउस मी घेईन. आणि मग वाद घालायचा नाही."

"नाही घालत," मामा म्हणाले. वाद घालायचा नाही हे कबूल करताना त्यांना काय यातना झाल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

घरी सूनबाई होत्या म्हणून बरं. त्या दुसऱ्या एका ऑफिसात हेच काम करायच्या. संध्याकाळी चहाचे कप बाजूला सारून त्यांनी लॅपटॉप सासऱ्यांपुढे ठेवला.

"बाबा, इमारतीला हात लावायचाच नाही. ती जागेवरच असते. तिच्याभोवती तुम्ही फिरायचं."

"मी तर खुर्चीत बसलोय!"

"मनाने फिरायचं हो."

"मनाने फिरून फिरूनच भोवळ यायला लागलीय मला."

खोटं नव्हतं ते. पाटावरची इमारत डावी-उजवी फिरायची, पण ती कधी डोक्यावर उभी राहिली नव्हती. इथे हात जरासा वर गेला की छत खाली आणि पाया वर! स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा ठोकळा होता. त्याच्या बाजूंवर समोर, मागे, उजवी, डावी, वर, खाली असं लिहिलेलं. तोही मामांबरोबर कोलांट्या खायचा, आणि मामा मान वाकडी करून तो वाचत बसायचे. दोन तास झटूनही गाडी तिथेच. सूनबाईंनीसुद्धा मनातून हात टेकले.

मामा मात्र हट्टाला पेटले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या अडगळीतून त्यांनी आपला पाट घरी आणला. संध्याकाळपर्यंत त्यावर पुठ्ठ्याचं छोटं वाचनालय उभं केलं. मग हातोडी घेतली आणि जन्मभर फिरलेल्या पाटाला स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. खिळा आत जाताना त्यांचे डोळे भरून आले, पण हातोडी थांबली नाही.

"सूनबाई, आता तू फिर याच्याभोवती. तुला जे दिसेल ते मी इथे दाखवतो."

आणि मग त्या घरात जो धिंगाणा झाला! सूनबाई पाटामागे गेल्या की मामा स्क्रीनवर मागे. त्या स्टुलावर चढल्या की मामा छतावर. शेवटी त्या टेबलाखाली फरशीवर आडव्या झाल्या आणि ओरडल्या, "बाबा, आता मी जमिनीखाली! सांगा, काय दिसतंय मला?"

"माझ्या इमारतीचे तळवे!" मामा ओरडले, आणि स्क्रीनवर खरंच तेच होतं.

शुक्रवारी मंडळी आली. अध्यक्षीणबाई काठी टेकत पुढच्या खुर्चीवर बसल्या. धाकट्या बाई मामांच्या मागे उभ्या, चष्मिस दाराशी. मामांनी माउस धरला आणि मंडळींना दर्शनी भागापासून मागच्या अंगणापर्यंत नेऊन आणलं. वाट कुठे चुकली नाही.

"मला जिन्याजवळ न्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "काठी घेऊन चढणाऱ्या माणसाला काय दिसतं ते बघायचंय मला."

मामा निघाले आणि घात झाला. हात निसटला, इमारत गर्रकन कलंडली आणि पडद्यावर नुसता करडा रंग पसरला. पाठीमागून बाईंचा हात माउसकडे आला.

"थांबा!" मामा म्हणाले. "इमारत जागेवरच आहे. मी भलत्याच ठिकाणी उभा आहे."

ते चक्क खुर्चीवरून उठले. टेबलापाशी वाकून त्यांनी खालून वर पाहिलं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली, बघेनात का! टेबलाखाली आडव्या झालेल्या सूनबाई मामांना आठवल्या.

"जमिनीखाली आहे मी," ते म्हणाले. खुर्चीत बसले, ठोकळ्यावरची 'समोर' ही बाजू दाबली, दारातून आत शिरले आणि पहिल्या पायरीशी, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन थांबले. "या. इथे उभ्या आहात तुम्ही. कठडा उजव्या हाताला."

अध्यक्षीणबाई पुढे झुकल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. "काठी डाव्या हातात घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "घेईन."

मंडळी गेली. मामा खुर्चीतच होते. खुर्ची उचलायची की नाही, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. इतक्यात धाकट्या बाईंनी आपली खुर्ची ओढत आणली आणि त्यांच्या शेजारी ठेवली.

"मामा, त्या जिन्याखाली माणसाचं डोकं आपटेल अशी मला शंका आहे. मला जरा तिथे नेऊन उभं करा."

मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माउस हातात घेतला.

"घट्ट धरून बस गं," ते म्हणाले.