डावीकडचं टेबल

मोठ्या कंपनीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला छोट्या वर्कशॉपमध्ये आणून बसवलं, की तो पहिले काही महिने नुसते विभाग शोधत बसतो. हीसुद्धा तशीच. गाठीला एकोणीस प्रमाणपत्रं, सगळी संगणकापुढे बटणं दाबून मिळवलेली. इथे पाच माणसं, दोन टेबलं आणि दवाखान्यांच्या फ्रिजमधले तापमापक दुरुस्त करायचं काम. सगळे तिला 'कंपनीबाई' म्हणत. ती हसण्यावारी नेई, पण मनाला लागायचंच.

शुक्रवारी तिला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं.

गुरुवारी दुपारी तिच्या एकदम लक्षात आलं. सकाळी दुरुस्त केलेला तापमापक तिने डावीकडच्या टेबलावर ठेवून दिला होता, पुढे कुणीतरी तपासेल या जुन्या भरवशावर. इथे ते कुणीतरी म्हणजे तीच. आणि त्या टेबलावरचा माल ड्रायव्हर डोळे झाकून उचलायचा; हाही तो दवाखान्यात पोचवून आला होता.

गप्प बसली असती, तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण त्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लशी होत्या. तिने दवाखान्याला फोन करून तापमापक वापरू नका म्हणून सांगितलं, ड्रायव्हरला तो परत आणायला धाडलं आणि मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडून न तपासता माल गेला."

"आला की बर्फाच्या पाण्यात घाला. सगळ्यांसमोर."

तापमापकाने शून्याऐवजी दोन अंश दाखवले. लशींना दोन ते आठ अंश लागतात; फ्रिज शून्यावर उतरून लशी गोठायला लागल्या असत्या, तरी त्याने सगळं ठीक म्हटलं असतं.

"आता शिकवा," मालकीणबाई म्हणाल्या. "इथे ज्याची चूक, त्याचा वर्ग. गेल्या वर्षी मी दोनदा घेतला."

बारा वर्षांत तिला कुणी शिकवायला सांगितलं नव्हतं. ती अडखळत बोलली, मग धीर आला. "बर्फाचं भांडंच डावीकडच्या टेबलावर ठेवू. ओला म्हणजे तपासलेला; तेवढाच माल उचलायचा."

"म्हणजे मला फडकं लागणार," ड्रायव्हर कुरकुरला.

शुक्रवारी तिला कुणी बोलावलंच नाही. पाच वाजता ती स्वतःच गेली. "माझं काय ठरलं?"

"काल वर्ग घेतलात ना?" मालकीणबाईंनी मानही वर केली नाही. "पाहुण्यांना आम्ही वर्ग घ्यायला लावत नाही."

बाहेर ड्रायव्हर एक ओला तापमापक पुसत उभा होता.

"ताई, हा नेऊ ना?" त्याने विचारलं.