रोल नंबर सदतीसचा ट्रान्झिस्टर

आमच्या सरांचा देवावर विश्वास आहे, पण कम्प्युटरवर जरा जास्त आहे. देव कधी कधी नवसाला पावत नाही, हे ते मान्य करतात. पडद्यावर आलेली हिरवी रेघ मात्र खोटं बोलूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत.

सरांचं नाव शरच्चंद्र. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत त्यांचा अकरा माणसांचा कारखाना आहे. तिथे डिझाइन इंजिनिअर मी एकटीच, म्हणजे अश्लेषा. त्यामुळे डिझाइन विभागाची प्रमुखही मीच आणि प्रमुखाची बोलणी खाणारी कनिष्ठही मीच. यंदा आम्हाला मोठं काम मिळायची आशा होती: नवजात बाळांचे वॉर्मर, खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांसाठी. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ गादीवर ठेवायचं, वरची कॉइल त्याला ऊब देणार, आणि पुरेशी ऊब झाली की कॉइल आपोआप बंद होणार. शुक्रवारी नमुन्याचं एक मशीन द्यायचं होतं आणि सोबत सिम्युलेशनचा, म्हणजे कम्प्युटरवरच्या चाचणीचा, रिपोर्ट, खाली इंजिनिअरची सही. सही माझी. काही झालं तर लोक सहीच शोधतात, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

कॉइल चालू-बंद करायचं काम एका ट्रान्झिस्टरचं; मशीनचं बटणही हुकूम त्यालाच देतं. सरांनी तो बाजारातून निवडला नव्हता, तो आमच्याकडे पडलेला होता. सीताबर्डीवरचं एक जुनं दुकान बंद झालं तेव्हा सरांनी पिंपभर ट्रान्झिस्टर उचलून आणले होते. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. पिंप मात्र तरंगत होतं.

आता सिम्युलेशन करायचं तर ट्रान्झिस्टरचं मॉडेल लागतं. मॉडेल म्हणजे वीस-पंचवीस आकड्यांची फाइल. हा किती करंट सोडतो, किती तापतो, बंद असताना किती गळतो, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. लग्नाच्या बायोडाटासारखंच. कम्प्युटर मुलाला न भेटता नुसता बायोडाटा वाचतो आणि संसार कसा होईल ते सांगतो.

"संध्याकाळपर्यंत मॉडेल शोधून ठेव," सर सोमवारी म्हणाले. पी हळद आणि हो गोरी.

"कंपनीच नाही सर, मॉडेल कोण देणार?"

"अगं, नेटवर काय नाही मिळत?"

नेटवर सगळं मिळतं, फक्त हवं ते सोडून. जगभरच्या इंजिनिअरांच्या एका फोरमवर मी दिवसभर बसले. तिथे बारा वर्षांपूर्वी एकाने विचारलं होतं, "या ट्रान्झिस्टरचं मॉडेल आहे का? अर्जंट." खाली उत्तरं: "मलाही हवंय." "मलापण." एका विद्वानाने लिहिलं होतं, "आधी शोधून मग विचारत जा." दुसऱ्याने लिहिलं, "मिळालं, धन्यवाद," आणि कुठे मिळालं ते न सांगता तो स्वर्गवासी झाला असावा. शेवटी तिसऱ्या पानावर एक फाइल सापडली. चौदाशे जणांनी उतरवून घेतलेली, खाली कौतुकांचा पाऊस. "उत्तम चालतं. थँक्यू सर." वासरांत लंगडी गाय शहाणी. मीही ती उतरवली. चौदाशे एक.

सर्किटात टाकली. गादी तापली, ट्रान्झिस्टरला बंद हो म्हटलं, आणि तापमानाची हिरवी रेघ आज्ञाधारक सुनेसारखी खाली येऊन बसली.

"बहोत बढिया!" सर म्हणाले. मग त्यांनी ड्रॉइंगकडे बोट दाखवलं. "हा कटऑफ कशाला ठेवलाय?"

कटऑफ म्हणजे वेगळा बसवलेला छोटा स्विच. ट्रान्झिस्टर बिघडला आणि गादी फार तापली, तर तो वीजच तोडतो.

"सेफ्टी म्हणून, सर."

"ट्रान्झिस्टर बंद होतोय ना? मग सेफ्टी कोणापासून? काढ."

मी काढला. हे मी लपवत नाही. मी तेव्हा एकदा "पण" म्हटलं आणि दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

मंगळवारी रामाजीकाका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. काका आमचे तंत्रज्ञ. कामठीहून बसने येतात, मशीन जोडतात, आणि खऱ्याखुऱ्या ट्रान्झिस्टरला हात लावणारा कारखान्यातला एकमेव माणूस तेच.

"पोरी, हा बंद नाई होऊन राहिला वं."

"काका, सिम्युलेशनमध्ये होतोय."

"तिथं होत असन. माह्या टेबलावर नाई होत. जरा गरम झाला का गळते. गळला का आणखी गरम होते. थो नळ पाह्यला का, वायसर झिजलेला? तसा."

"तुमच्या शेडचा पत्रा तापतो ना, म्हणून वाटत असेल."

"पत्रा तर दवाखान्याचाबी तापन," काका म्हणाले आणि गेले. मी कानाआड केलं. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे होती ना.

बुधवारी रिपोर्टात मॉडेलचा तक्ता टाकायचा होता. फाइलमधले आकडे मी हाताने टाइप करत होते. एका जागी ४५.१९ आलं. चांगला ओळखीचा आकडा वाटला. पुढे २.०८. मग बंद असतानाच्या गळतीच्या जागी ३७.

माझे हात थांबले. सदतीस हा माझा तिसऱ्या वर्षाचा रोल नंबर. ४५१९ हा बाबांच्या लुनाचा. दोन ऑगस्ट माझा वाढदिवस.

मग सगळं आठवलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हाच ट्रान्झिस्टर असायचा, त्याच सीताबर्डीच्या दुकानातून आलेला. जर्नल सबमिट करायची होती, मॉडेल कुणाकडेच नव्हतं. मी दुसऱ्याच एका ट्रान्झिस्टरची फाइल घेतली, वरचं नाव बदललं, आणि जे आकडे माहीत नव्हते तिथे सुचतील ते टाकले. तापमानाच्या ओळी तर रिकाम्याच सोडल्या. रिकामी जागा दिसली की सॉफ्टवेअर मनाचा काहीतरी मोघम आकडा धरतं. मॅडमनी न वाचता सही केली. सगळ्या वर्गाने माझी फाइल वापरली आणि आमच्या गौरांगने ती फोरमवर चढवली, कारण फाइल चढवली की तिथे नावापुढे तारा मिळायचा. गौरांगला तारा मिळाला. जगाला मी मिळाले.

म्हणजे "थँक्यू सर" मधली सर मीच होते. आपलेच दात, आपलेच ओठ. हसू आलं, आणि मग हसू गेलं, कारण रिपोर्ट बाळांच्या मशीनचा होता. कितीतरी लोकांनी माझ्या वाढदिवसाच्या भरवशावर काय काय बांधलं असेल!

मी सरांकडे गेले आणि सरळ सांगून टाकलं. "सर, ते मॉडेल खोटं आहे. मी कॉलेजात मनाने लिहिलं होतं."

सरांनी चष्मा काढला. "तू लिहिलंस?"

"हो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? रिपोर्टात लिही, मॉडेल कंपनीतच विकसित केलंय. वजन पडेल."

"सर, गळतीचा आकडा माझा रोल नंबर आहे."

"चौदाशे लोक वापरून राहिलेत. ते सगळे मूर्ख आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, पण नोकरी हवी होती.

मी शेडमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा काकांना म्हटलं, "काका, दाखवा बरं." ते "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. त्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, बाटली गादीवर बाळासारखी निजवली, वर दुपट्याचा तुकडा घातला आणि त्यात थर्मामीटर खुपसला. मशीन छत्तीसवर लावलं. बाहेर मे महिना होता, शेडमध्ये सकाळीच चौतीस. छत्तीस झाले. ट्रान्झिस्टरला बंद व्हायचा हुकूम गेला. कॉइल जराशी मंदावली आणि लालच राहिली. अडतीस. चाळीस. एकेचाळीसला काकांनी बाटली उचलून घेतली. पाण्याचीच बाटली ती, पण उचलली दोन्ही हातांनी.

सरांना बोलावलं. सरांनी बाटली पाहिली, आकडा पाहिला आणि निदान केलं, "थर्मामीटर खराब आहे."

दुसरा आणला. तोही खराब निघाला. तिसरा तर सरांच्या घरून मागवला. नागपुरातले सगळे थर्मामीटर त्या दिवशी एकाच वेळी खराब झाले होते.

"बाटलीचा रिपोर्ट नाही देता येत," सर म्हणाले. "कम्प्युटर काय म्हणतो ते महत्त्वाचं."

तिथे मला अक्कल आली. या माणसाला सत्य नको होतं, रेघ हवी होती. ठीक आहे, रेघ देऊ.

गुरुवारी मी आणि काकांनी पिंपातून चाळीस ट्रान्झिस्टर काढले. एकेक थंड असताना मोजला, एकेक गरम करून मोजला. काका आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. बंद असतानाची गळती माझ्या रोल नंबराच्या शेकडो पट निघाली. दोन वेळा मला वाटलं मीटर चुकतोय, आणि दोन्ही वेळा काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. संध्याकाळी त्या आकड्यांतून खरं मॉडेल तयार झालं. सिम्युलेशनमधलं तापमानही बदललं, कारण कुणी हात लावला नाही तर त्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमी सत्तावीस अंश असतात. सत्तावीस! बारा महिने! असं नागपूर ज्याने पाहिलं त्याला माझा नमस्कार सांगा.

बटण दाबलं. रेघ खाली आलीच नाही. छत्तीसवरून वर चढली आणि चढतच राहिली, बाटलीसारखी.

सरांनी पडद्यासमोर वाकून पाहिलं. चेहरा उतरला.

"अरे बाप रे. हा तर बंदच होत नाही!"

"हो सर."

"मग आधी नाही का सांगायचं? कटऑफ लाव परत. ताबडतोब!" आणि काकांकडे वळून, "रामाजी, ऐकलं का? कम्प्युटर म्हणतो, गळतोय."

"हो का साहेब," काका म्हणाले. "मी बी तेच म्हणून राहिलो होतो, पण माह्यापाशी तो पडदा नाई ना."

शुक्रवारी कटऑफवालं मशीन आणि खऱ्या आकड्यांचा रिपोर्ट गेला. मी सही केली. मोजणी करणाऱ्याच्या जागी काकांचं नाव घातलं. सरांनी ते काढायला सांगितलं आणि या वेळी मी दुसऱ्यांदाही "पण" म्हटलं. नाव राहिलं.

शनिवारी सकाळी कारखान्यात चहा घेता घेता मी फोरमवर खरी फाइल टाकली. वर लिहिलं की जुनी फाइल खोटी आहे, ती माझी आहे, कृपया वापरू नका, माफ करा. दुपारपर्यंत तीन उत्तरं आली. पहिलं: "तुमचे आकडे प्रसिद्ध मॉडेलशी जुळत नाहीत, तपासून पाहा." दुसरं: "जुनं चांगलं चालतं, उगाच गोंधळ कशाला?" मी हसले आणि काकांना वाचून दाखवायला मोबाइल उचलला.

तिसरं एका परगावच्या माणसाचं होतं. "नमस्कार सर. आम्ही तुमचं जुनं मॉडेल बाळांच्या वॉर्मरसाठी वापरलं होतं. सिम्युलेशन छान आलं म्हणून कटऑफ काढला. मशीन मागच्या महिन्यात दवाखान्यांत लागली आहेत. काही प्रॉब्लेम नाही ना?"

शनिवारी अर्धाच दिवस, म्हणून काका कामठीच्या बससाठी निघाले होते, ते माझं तोंड पाहून परत फिरले.

मी लिहिलं: "मी सर नाही. माझं नाव अश्लेषा, नागपूर. हा माझा फोन नंबर. आत्ता, या मिनिटाला, सगळ्या दवाखान्यांना फोन करा. बाळांना मशीनवरून उचलायला सांगा. आणि मशीन बटणाने बंद करू नका, प्लग काढा."