नुसता ओ

परवा चहाच्या वेळी आमच्या दवाखान्यात विषय निघाला, कोण किती वेळा डोंगरावर जातं. रिसेप्शनवाली म्हणाली, वर्षातून एकदा, तेही फोटोपुरतं. डॉक्टर म्हणाले, महिन्यातून दोनदा, नाहीतर पोट सुटतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिफ्ट बंद असली की जिन्याला शिव्या घालणारी बाई मी, आणि माझे बूट चिखलाने भरलेले! मी कप विसळायला उठले. एवढं सगळं चहाच्या वेळेत कुठे बसणार?

माझं काम कानांचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे कान तपासते आणि यंत्र बसवून देते. घरात मात्र माझं कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, दोघंही डोंगरवेडी. रविवार उजाडला की पाठीला पिशव्या आणि चालायला सुरुवात. ताई सगळ्यांत पुढे, भाऊजी सगळ्यांत मागे, मधे येतील ते मित्र. त्यांचा एक नियम होता. वळण आलं की ताईने ओरडायचं, "शेवट?" आणि भाऊजींनी मागून ओ द्यायचा. ओ आला की कोणी मागे राहिलेलं नाही असं समजून पुढे निघायचं.

आता भाऊजींच्या ओचं काय सांगू! भाऊजी घरीच मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचे. टेबलावर सगळं उघडून बसले की जग बुडालं तरी पत्ता नसायचा. ताई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "जेवायला ये रे!" लगेच ओ यायचा. गोड, लांब, शेवटी जरासा वर चढणारा. आणि माणूस जागचा हलायचा नाही. आमटी गार व्हायची. मग ताई हात पुसत जायची आणि बाही धरून ओढत आणायची. "नुसता ओ देतो," ती मला म्हणायची, "येत नाही मेला."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दोघंच गेली. उतरताना धुकं आलं. शेवटच्या वळणावर ताईने हाक मारली, मागून ओ आला, ती खाली उतरली. गाडीपाशी येऊन उभी राहिली. भाऊजी आलेच नाहीत.

शोधायला माणसं गेली, कुत्री गेली. त्या वळणाच्या वरच्या अंगाला पायवाट नाही. थोडा गवताचा चढ आहे आणि पलीकडे सरळ कडा. खाली इतकी झाडी, की काही हाती लागलं नाही.

ताई पुन्हा रविवारी जायला लागली तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, जरा मोकळी होईल. मग ती बुधवारीही जायला लागली. मग ती काम करते त्या औषधांच्या दुकानाच्या मालकाचा मला फोन आला, "तुमची ताई आजपण आली नाही हो." मी तशीच तिच्या घरी गेले. ती पिशवी भरत होती. डबे दोन. वर घडी घातलेला भाऊजींचा स्वेटर.

"हा कशाला?" मी विचारलं.

"गारठला असेल."

मी स्वेटर उचलून बाजूला ठेवला.

"अगं, तो ओ देतो तिथे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी हाक मारली की दर वेळी देतो. घरी मी उठून आणायचे ना त्याला? त्या दिवशी नुसत्या ओवर विसंबले. चुकलंच माझं. आता धुकं पडलं ना, की वर जाऊन घेऊन येते."

"वर कुठे? वर कडा आहे!"

"आवाज येतो तिथे."

मी भडकले. मला भीती वाटली की रागच येतो. तिला धरून दवाखान्यात नेलं, आवाजबंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. आधी शिट्ट्या वाजवल्या. मग मुद्दाम काहीच वाजवलं नाही. आत ती बटण दाबत होती. थांबून, ऐकून, पुन्हा दाबत होती.

बाहेर आल्यावर मी तपासणीचा कागद तिच्यासमोर आपटला. "हे बघ! इथे मी काहीही वाजवलेलं नाही. ज्याला ऐकायची फार ओढ असते ना, त्याच्या कानात नसलेला आवाजही वाजतो. रोज बघते मी."

"तुझ्या शिट्ट्या राहू देत," ती म्हणाली. "मधे तो बोलला."

पालथ्या घड्यावर पाणी! मग काय करणार? मला आहे ती एकच बहीण. गेले तिच्याबरोबर. दर रविवारी धापा टाकत, गुडघ्यांना नावं ठेवत गेले. तिने मला शेवटीही चालू दिलं नाही. म्हणे, शेवटची जागा त्याची. म्हटलं, बरं बाई, मी त्याच्या पुढे. वळणावर ती ओरडायची, "शेवट?" मला वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. ती मात्र हसायची आणि खाली उतरायला लागायची.

आणि एका रविवारी धुकं पडलं.

मी म्हटलं, आज नको. तिने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि निघाली. वर जाईपर्यंत मी तिच्या पाठीवरची पिशवी नजरेआड होऊ दिली नाही. उतरताना त्या वळणापाशी माझीच नाडी सुटली. वाकले, बांधली, मान वर केली. ताई नव्हती.

"ताई!"

"ओ!"

वरून आला, वाट नाही त्या बाजूने. आवाज ताईचा होता. पण ओ तिचा नव्हता. गोड, लांब, शेवटी वर चढणारा. मी थांबले. ती आली नाही.

"ताई!"

"ओ!" अजून लांबून.

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. "ओ काय ओ! खाली ये आधी!" असं किंचाळत मी त्या चढावर चढले. चढले कसली, रांगले. ओलं गवत हातात उपटून येत होतं. धुक्यात आधी तिची पिशवी दिसली, मग ती. हातात स्वेटर, तोंड कड्याकडे. तिने एक पाय उचलला आणि त्याखालचा दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

मी तिची बाही धरली आणि सगळा जीव लावून ओढली. दोघी गवतात आपटलो. मी रडत होते आणि तोंडाने शिव्याही चालू होत्या. "दोनदा हाक मारली! दोनदा ओ दिलास आणि आली नाहीस! तूपण तशीच राहिलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी?" ती म्हणाली. "मी कुठे ओ दिला?"

मी तिची बाही सोडली नाही. बसत, घसरत आम्ही वाटेवर आलो. मी पुढे, ती मागे. वळणावर ती थांबली आणि सवयीनेच, हळूच म्हणाली, "शेवट?"

"ओ!"

या वेळी मी ऐकला. तिच्या मागून, धुक्यातून, पुरुषाचा. मला कसलीही ओढ नव्हती, मला फक्त खाली जायचं होतं. तरी ऐकला. तिने माझं मनगट घट्ट पकडलं, म्हणजे तिनेही ऐकला. मी मागे वळून पाहिलं नाही. आता ही हिसडा देऊन पळणार, असं वाटून मी दोन्ही हातांनी तिची बाही आवळली.

मग तिने स्वेटर वाटेच्या कडेच्या दगडावर ठेवला, नीट घडी घालून. आणि जेवणाच्या वेळचा तो तिचा वैतागलेला आवाज मी इतक्या महिन्यांनी ऐकला.

"नुसता ओ देतो," ती म्हणाली. "येणार नाही तो. चल."

आणि ढसाढसा रडत खाली उतरली.

आता ताई रोज दुकानात जाते. डबा एकच भरते.

कप विसळून मी परत आले तर डॉक्टर वाटच बघत होते. "सांगा की, किती वेळा जाता?"

"महिन्यातून एकदा. बहिणीबरोबर."

"आणि कशासाठी?"

"हाक मारायला," मी म्हटलं. "दोघी मारतो, आणि घरी येतो."